घाटाखालचे सौंसर

छिंदवाड्याहून नागपूरकडे निघालेला रस्ता उमरानाला सोडल्यावर सिल्लेवानीच्या घाटात शिरतो. वळणे संपवून गाडी रामाकोन्याच्या बाजूला उतरली की मुलूख बदलतो. जमीन काळी होत जाते, शेतांत कपाशी आणि तूर दिसू लागते, संत्र्यांचे बगीचे रस्त्याला येऊन भिडतात आणि चहाच्या टपरीवरचे बोलणे हिंदीतून मराठीत येते. महाराष्ट्राची सीमा मात्र अजून पुढे, लोधीखेड्याच्याही पलीकडे आहे. वर घाट आणि खाली राज्याची सीमा, या दोन रेषांच्या मध्ये सौंसर वसलेले आहे. या गावाचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला आधी एक गोष्ट ठरवावी लागते: यांतली कोणती रेषा धरून लिहायचे? माझे उत्तर स्पष्ट आहे. घाट धरून लिहावे. पीक, पाणी, भाषा, सोयरीक, बाजार हे सगळे इथे घाटाप्रमाणे चालत आले आहे. राज्याची सीमा १९५६ ची आहे आणि ती या सगळ्यावरून नंतर ओढली गेली.

इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यांनाही हे दिसले होते. त्यांनी छिंदवाडा जिल्ह्याचे दोन भाग धरले होते, घाटावरचा तो बालाघाट आणि घाटाखालचा तो जेरघाट. हा घाटाखालचा मुलूख म्हणजेच सौंसर तहसील. पांढुर्णा, मोहगाव, लोधीखेडा ही मोठी गावे याच तहसिलीत मोडत. पुढे पांढुर्ण्याची वेगळी तहसील झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये जामसावळीच्या हनुमानापुढे भरलेल्या कार्यक्रमात मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी नव्या जिल्ह्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरात पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून तो अस्तित्वात आला. नकाशावर नव्या जिल्ह्याची हद्द पाहिली तर ती बहुतांशी जुन्या जेरघाटाचीच आहे. घाटावरच्या छिंदवाड्याशी जोडलेला हा मुलूख दीडशेहून अधिक वर्षांनी कागदोपत्री पुन्हा वेगळा झाला. मुख्यालय पांढुर्ण्याला गेले, याची सौंसरकरांना खंत वाटणे साहजिक आहे. एके काळी पांढुर्ण्याच्या माणसाला तहसिलीच्या कामासाठी सौंसरला यावे लागे. पण त्या खंतीपेक्षा मोठी गोष्ट ही आहे की घाटाखालच्या मुलखाचा इतिहास सलग लिहिण्याची वेळ आता आली आहे. सौंसरच्या इतिहासावरच्या या पुस्तकाचे महत्त्व मला तिथे वाटते.

अशा गावाच्या इतिहासाची साधने गावात नसतात. भोसल्यांची दप्तरे नागपूरची, इंग्रजी बंदोबस्ताचे कागद छिंदवाड्याचे, १९५६ नंतरचे सारे भोपाळचे, आणि जमिनीखालच्या खडकांचे अहवाल थेट कोलकात्याचे. यादव माधव काळे यांनी नागपूर प्रांताचा इतिहास मोठ्या कष्टाने लिहिला, पण त्यात नजर राजधानीवर असणे अटळ होते. राजधानीच्या इतिहासात तालुक्याचे गाव येते ते फौजेच्या मुक्कामापुरते किंवा वसुलाच्या आकड्यापुरते. तिथे माणसे दिसत नाहीत. म्हणून या पुस्तकात जे गोळा केले आहे ते, विखुरलेले आणि काही जागी अपुरे असले तरी, मी आदराने वाचले.

या मुलखाची जुनी नोंद कुठपर्यंत मागे जाते? निदान दीड हजार वर्षे. पांढुर्ण्याला वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट मिळाले. ते त्याच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षातले, म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह १९६३ मध्ये सिद्ध केला, त्यात त्यांना स्थान आहे. अजिंठ्याच्या लेण्यांशी ज्या घराण्याचे नाव जोडले गेले आहे, त्याच घराण्याच्या मुख्य शाखेची जमीनदानाची आज्ञा जाम नदीच्या काठच्या गावात सापडावी, ही गोष्ट इथल्या शाळेतल्या मुलांना कोणी सांगते का, याची मला शंका आहे.

दुसरी नोंद मला याहून जवळची वाटते. वर्धा जिल्ह्यातल्या देवळी इथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा ताम्रपट सापडला. शके ८६२ चा, म्हणजे इ. स. ९४० चा. भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यार्थ राजाने एक गाव दान दिले, ते नागपूर-नंदिवर्धन प्रदेशातले. दानपत्रात रिवाजाप्रमाणे त्या गावाच्या चतुःसीमा सांगितल्या आहेत. त्यांत एक नदी आहे, तिची ओळख कन्हानशी पटवली गेली. सीमेवर मोहमग्राम नावाचे गाव आहे. ते सौंसरजवळचे मोहगाव असावे, असे अभ्यासकांनी सुचवले. आणखी एका गावाचे नाव बेरडीशी जुळते असेही मत मांडले गेले. बेरडी आज रेल्वे स्टेशन म्हणून ओळखीचे आहे. ही ओळख बरोबर असेल तर हजार-अकराशे वर्षांपूर्वी या शिवारातली गावे जवळपास याच नावांनी, याच नदीच्या आधाराने नांदत होती. राजे, घराणी, प्रांत बदलले, शिवार आणि नदी राहिली. आणि एवढे जुने नाव टिकवून धरणारे लोक त्या काळी कोण होते, काय पिकवत होते, याबद्दल ताम्रपट एक अक्षर सांगत नाही. दान घेणाऱ्या ब्राह्मणाचे गोत्र त्यात आहे, कसणाऱ्याचे नाव नाही.

मधली काही शतके इथे अंधारातच आहेत. उजेड येतो तो गोंड राजांबरोबर. देवगडचा किल्ला सौंसरच्या उत्तरेला, डोंगरात, सरळ रेषेत फार दूर नाही. तिथल्या जाटबा राजाचा उल्लेख अकबराच्या काळच्या ऐन-ए-अकबरीत येतो. त्याच घराण्यातला बख्तबुलंद शाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि परत आल्यावर १७०२ च्या सुमारास घाटाखाली सपाटीवर बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. नागपूरचा इतिहास लिहिणारे देवगडपासून सुरुवात करतात आणि पुढच्या पानावर नागपूरला पोहोचतात. मध्ये काय लागते ते कोणी विचारत नाही. डोंगरातली गादी सपाटीवर उतरली ती या घाटाखालच्या मुलखाच्या जोरावर. काळी जमीन, कन्हान आणि जाम यांचे पाणी, कापूस, आणि वसूल देणारी कुणबी-भोयरांची गावे इथे होती. नागपूर मोठे झाले त्यात या मुलखाचा वाटा आहे आणि तो कधी मोजला गेलेला नाही.

भोसल्यांचा काळ मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पहिल्या रघूजींनी देवगडचे राज्य आपल्या हाती घेतले, मराठी कारभार आणि मोडी दप्तर घाटाखालच्या गावोगावी पोहोचले. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. पुढच्या वर्षी इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले आप्पासाहेब भोसले महादेवाच्या डोंगरात शिरले, तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्यांत हर्रईचा चैनशाह आणि डोंगरातले गोंड होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला.

खालसा झाल्यावर जे घडले ते गावांच्या दृष्टीने अधिक मोठे होते. इंग्रजांनी वसुलीचा हक्क असलेल्या मालगुजारांना गावाचे मालक ठरवले. सौंसर भागातल्या अनेक गावांत आजही उभे किंवा अर्धे पडलेले जे मालगुजारी वाडे आहेत, त्यांची भरभराट या बंदोबस्तानंतरची. १९५० च्या कायद्याने मालकी हक्क गेले, १९५१ मध्ये अंमल झाला, आणि वाड्यांचे दिवस फिरले. बंदोबस्ताच्या वेळी गावागावाचे वाजिब-उल-अर्ज लिहिले गेले होते. कोणाचा निस्तार कोणत्या जंगलातून, गुरांची वाट कुठून, तलावाचे पाणी कोणाला आधी, अशी गावाच्या रीतीची नोंद त्यांत असते. गावाचा इतिहास लिहिणाऱ्याला राजवंशावळीपेक्षा हे कागद अधिक उपयोगी. या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत त्यांतले जितके मिळतील तितके मुळाबरहुकूम छापावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता एका अशा गोष्टीकडे येतो, जी सौंसरमध्ये फार थोड्यांना माहीत आहे आणि सौंसरबाहेर जगभरच्या भूवैज्ञानिकांना माहीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा एल. एल. फर्मोर हा अधिकारी मँगनीजच्या शोधात या भागात हिंडला. त्याने इथल्या फार जुन्या, रूपांतरित झालेल्या खडकांच्या मालिकेला सौंसरचे नाव दिले. तेच नाव पुढे रूढ झाले. आज ‘सौंसर गट’ म्हटले की छिंदवाडा, नागपूर, भंडारा, बालाघाट असा कमानीसारखा वळत गेलेला खडकांचा पट्टा अभ्यासकांच्या डोळ्यांपुढे येतो. त्या खडकांचे वय शंभर कोटी वर्षांच्या पुढचे मानतात. या गटाचे जे थर पाडले गेले, त्यांतल्या लोहांगी, बिछुआ यांसारख्या थरांना याच परिसरातल्या गावांची नावे मिळाली. मनसर आणि चोरबावली हे थर खाली रामटेककडचे. मनसर, कांद्री, तिरोडी, भरवेली या प्रसिद्ध खाणींतले मँगनीज याच खडकांतून निघते. १९०९ मध्ये फर्मोरचा भारतातल्या मँगनीजवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात छिंदवाडा जिल्ह्यातल्या सीतापारचे वर्णन आहे. तिथे सापडलेल्या एका खनिजाला त्याने सीतापाराइट असे नाव दिले होते. पुढे ते आधीच ठाऊक असलेले बिक्सबाइट ठरले आणि सीतापारचे नाव खनिजांच्या यादीतून मागे पडले. गोंडांच्या नावावरून त्याने एका खडकाला दिलेले ‘गोंडाइट’ हे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत टिकून आहे.

मला यात अभिमानाइतकीच अस्वस्थताही वाटते. गावाचे नाव परदेशी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचले, आणि ज्या मजुरांनी टोपल्यांतून ते काळे दगड वाहिले त्यांच्याबद्दल ग्रंथात काही नाही. खाणीवर मजुरी किती मिळे, बाया किती होत्या, कोणत्या गावचे लोक कुठे स्थलांतर करून गेले, हे आता घराघरांतल्या आठवणींतूनच काढावे लागेल. तेही लवकर. सौंसरमध्ये या खडकांचा एक छोटा संग्रह, नावे आणि नकाशासह, शाळेच्या एखाद्या खोलीत ठेवणे फार खर्चाचे काम नाही.

१९५६ चे साल या गावासाठी निर्णायक ठरले. त्याआधी राजधानी नागपूर होती, उच्च न्यायालय नागपूरला होते, विद्यापीठ नागपूरचे. सौंसरहून नागपूर सत्तरेक किलोमीटर. सकाळी निघून काम आटोपून रात्री घरी जेवायला येता येई. राज्य पुनर्रचनेच्या वेळी हद्दी ठरवताना सर्वसाधारणपणे जिल्हा हे एकक धरले गेले. छिंदवाडा जिल्हा एकत्र पाहिला तर हिंदी भाषिक. काँग्रेसनेही १९२० नंतर भाषेनुसार आपले प्रांत केले तेव्हा तो महाकोशलात धरला होता. घाटाखालची मराठी तहसील त्या जिल्ह्यामागे गेली. विदर्भाचे आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, सौंसर नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला. सौंसरचा माणूस न हलता त्याची राजधानी चौपट अंतरावर गेली.

याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली होती. सीमा पडली तरी त्या घटनेशी असलेले नाते सीमेने तुटले नाही. या पट्ट्यातल्या बौद्ध वस्त्यांतून दीक्षाभूमीकडे जाणारी वाट दरवर्षी वाहते. एकाच शरद ऋतूत या मुलखाच्या जीवनात दोन मोठे बदल झाले. एक दिल्लीतल्या कागदावर ठरला, दुसरा माणसांनी स्वतः निवडला. गावाच्या इतिहासात पहिल्यावर पाने भरून लिहिले जाते, दुसऱ्यावर ओळभर. या पुस्तकाने तो तोल सांभाळायचा प्रयत्न केला आहे, तो मला महत्त्वाचा वाटतो.

सीमेचा अर्थ रोजच्या व्यवहारात काय होतो, हे शेतकऱ्याला विचारावे. सावनेरकडे जमीन असलेल्या भावाला तलाठी आणि सातबारा. सौंसरच्या भावाला पटवारी आणि खसरा. त्याचा माल बाजार समितीत, याचा मंडीत. बांध एका जातीच्या मातीचा, पाऊस एकच, कर्जमाफी वेगळी, विजेचा दर वेगळा, पोरांची शाळेची पुस्तके वेगळी. घरात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी, कचेरीत हिंदी. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ चा. नागपुरी बोलीचा विस्तार छिंदवाड्याच्या दक्षिण भागापर्यंत जातो हे तेव्हाच नोंदले गेले होते. शंभर वर्षांत ती बोली पुसली गेली नाही. आई-आजीच्या तोंडी ती आहे, लग्नातल्या गाण्यांत आहे, पोळ्याच्या झडत्यांत आहे. पण मराठी वाचता येणारी पिढी वयस्क होत चालली आहे. नातू आजीशी मराठीत बोलतो आणि आजीने जपलेली पोथी त्याला वाचता येते ती केवळ लिपी देवनागरी म्हणून. त्यातले शब्द त्याला परके होऊ लागले आहेत. हे पुस्तक मराठीत लिहिले गेले, हा निर्णय म्हणूनच मला धाडसाचा वाटतो. त्याचा हिंदी अनुवादही व्हावा. गाव दोन्ही भाषांचे आहे आणि भोयर-पवारांची स्वतःची बोलीही त्यात आहे. गोंडीची आठवण डोंगराकडच्या गावांत अजून आहे.

मराठीपण इथे कसे जपले जाते याचे एक उदाहरण २०२० च्या फेब्रुवारीत दिसले. गावातला शिवाजी महाराजांचा पुतळा हटवल्यावर सौंसरचे लोक रस्त्यावर आले आणि महामार्ग अडला. राज्य कोणतेही असो, महाराज आमचे, हे त्यांना सांगावेसे वाटले. त्या राजकारणात मी जात नाही, त्यामागची भावना मला समजते.

रेल्वेवरचे प्रकरण मी दोनदा वाचले. नागपूरच्या इतवारीहून छिंदवाड्याला जाणारी अडीच फूट रुंदीची नॅरोगेज विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, बेरडी, रामाकोना आणि मग घाट: भीमलगोंदी, भंडारकुंड. लोक तिला छोटी गाडी म्हणत. घाटात ती इतकी हळू चालायची की पोट्टे उतरून सीताफळे तोडून पुन्हा चढत, असे जुनी माणसे सांगतात. कापूस, संत्री, कोळसा, पाहुणे, वराती, शिकायला निघालेली मुले, नागपूरच्या दवाखान्यात नेलेले आजारी, सारे तिने वाहिले. २०१५ च्या अखेरीस ती बंद झाली. रुंद मार्ग तयार होऊन प्रवासी गाडी पुन्हा धावू लागली २०२२ मध्ये. मधल्या सहा वर्षांत एक पिढी रेल्वेवाचून कॉलेज करून बाहेर पडली. जुन्या इंजिनांची आठवण नागपूरच्या मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात आहे. सौंसरमध्ये नाही. एखादा डबा, एक सिग्नल, तिकिटाची जुनी खिडकी, एवढे तरी इथे राहायला हवे होते.

संत्र्याबद्दल लिहिताना पुस्तकाचा सूर खुलतो, आणि तो योग्यच आहे. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेले कलम, आंबिया आणि मृग असे दोन बहार, झाडाला ताण देऊन नेमक्या वेळी पाणी सोडण्याचे कसब, कोळशी आणि डिंक्याशी दरवर्षीची झुंज: ही विद्या घाटाखालच्या शेतकऱ्याच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. सौंसर-पांढुर्ण्याचे संत्रे त्याच जातीचे, त्याच मातीतले. बाजारात ते नागपूरच्या नावाने विकले जाते आणि पिकवणाऱ्याच्या गावाचे नाव पेटीवर येत नाही. १९९१ मध्ये बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात रेमंडची कापड गिरणी आली, तेव्हा शेतीवाचून दुसरा आधार पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. त्याआधीचे उद्योग म्हणजे लोधीखेड्याची तांब्या-पितळेची भांडी आणि कोष्ट्यांचे माग. त्यांवर पुस्तकात फारच थोडे आहे.

देवस्थानांवरच्या प्रकरणात जामसावळीचा निद्रिस्त हनुमान अर्थातच पहिला. पिंपळाखाली आडवी मूर्ती, नाभीतून पाझरणारे पाणी तीर्थ म्हणून घेणारे भक्त, मनाच्या आजारातून बरे वाटावे म्हणून इथे येऊन राहणारी माणसे आणि त्यांच्यासोबत थांबलेले घरचे. मूर्ती पूर्वी उभी होती आणि खालचे धन राखण्यासाठी आडवी झाली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. मोहगावचा अर्धनारीश्वर त्याहून शांत. मला मात्र सर्वांत मोलाची वाटली ती मोठ्या महादेवाच्या वाटेची हकीकत. विदर्भातून पचमढीच्या डोंगराकडे, शिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन आणि नागपंचमीला नागद्वारी, जाणारे लोक पिढ्यानपिढ्या हा मुलूख ओलांडत गेले. जुन्नारदेवला पहिली पायरी मानतात. त्या वाटेवर घाटाखालचा शेवटचा मुक्काम आणि भाकरीची शिदोरी सौंसरच्या गावांची. महादेवाची गाणी दोन्ही राज्यांत एकच चालतात.

पांढुर्ण्याच्या गोटमारीबद्दल मी वेगळे मत नोंदवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगावचे लोक एकमेकांवर दगड मारतात. परंपरा जुनी आहे, तिच्यामागे प्रेमी जोडप्याची कथा आहे, चंडी मातेवर श्रद्धा आहे. पण या दगडांनी माणसे मेली आहेत, डोळे गेले आहेत. वारसा म्हणून तिचे वर्णन करताना जखमींचे आणि मेलेल्यांचे वर्णनही त्याच पानावर हवे. पुस्तकात ते पुढच्या आवृत्तीत यावे.

जगात अशी कामे कशी झाली याचे एक उदाहरण इथे द्यावेसे वाटते. आयर्लंडमध्ये १९३७ ते १९३९ या काळात लोकपरंपरा आयोगाने सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना एक काम दिले. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचे आणि वहीत लिहून आणायचे. विहिरी, शेतांची नावे, दुष्काळाच्या आठवणी, औषधी पाला, खेळ, जत्रा, गावातले कारागीर. सुमारे पन्नास हजार मुलांनी सात लाखांहून अधिक पाने भरली. आज तिथल्या एवढ्याशा पॅरिशचा इतिहास लिहिणारा माणूस आधी त्या वह्या उघडतो. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे वाचवली, पण बोलीतले दप्तर बहुतेक ठिकाणी राहूनच गेले.

सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिलींतल्या शाळांना हे एका उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू करता येईल. प्रत्येक शेताला नाव आहे, ते खसऱ्यात नसते. प्रत्येक विहीर कोणी खणली हे कोणाला तरी आठवते. छोट्या गाडीचे स्टेशन मास्तर, खाणीवर गेलेल्या बाया, १९५६ मध्ये नागपूरच्या कॉलेजात शिकणारी मुले, दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर बसून गेलेले लोक, लोधीखेड्यात भांडी ठोकणारी शेवटची पिढी: यांतले काही जण अजून सांगू शकतात. विचारण्याची यादी या पुस्तकाच्या शेवटी जोडली आहे. शिक्षकांनी ती फाडून वापरली तरी चालेल.